कोळंबीचे खाद्य आणि कपाटातल्या बाटल्या

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझा आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी बी.ए., बी.एड. झालेला माणूस, वर्गात मराठी आणि इतिहास शिकवतो. अशा माणसाने कोळंबीच्या खाद्यावर बोलावे, हे विज्ञानाच्या आमच्या सरांना कदाचित आगाऊपणाचे वाटेल. पण माझ्या वर्गातील काही मुलांच्या घरी खाडीकाठी कोळंबीचे तलाव आहेत, काहींचे वडील किंवा चुलते दुसऱ्याच्या प्रकल्पावर राखणीला आहेत. एखाद्या मुलाची सहलीची वर्गणी आली नाही आणि कारण विचारले, तर ‘माल गेला, सर’ एवढे तीन शब्द ऐकू येतात. माल का गेला, हे मात्र कुणी सांगू शकत नाही. त्या कुतूहलापोटी मी वाचू लागलो, विचारू लागलो, आणि जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवत आहे.

गेल्या वर्षी एका पालकांनी बँकेला दाखवण्यासाठी आपल्या एका हंगामाचा हिशेब नीट लिहून देण्यास मला सांगितले. त्यांच्या वहीत बीज, खाद्य, डिझेल, वीज, मजुरी हे सगळे होतेच; पण त्याखाली एक लांबलचक यादी होती. जीवनसत्त्वे, खनिजे, यकृताचे टॉनिक, आतड्याचे टॉनिक, प्रोबायोटिक, जेल, आणि आणखी काही. एकूण अकरा नावे. त्यांतील चार बाटल्या त्यांनी मला कपाटातून काढून दाखवल्या, तर त्यांवर घटकच लिहिलेले नव्हते. ‘हे कशासाठी घालता?’ असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘सगळे घालतात, म्हणून आपणही घालतो. नाही घातले आणि माल गेला, तर मनाला लागते.’ हे उत्तर मला अतिशय प्रामाणिक वाटले. या भीतीवरच पूरक खाद्याचा बराचसा व्यापार चालतो, असे म्हणावयास हरकत नाही. तेव्हा या बाटल्यांपैकी कोणती खरोखर उपयोगाची, कोणती निरुपयोगी आणि कोणती घातक, एवढेच आज पाहावयाचे आहे.

त्यासाठी आधी कोळंबीच्या शरीराची थोडी ओळख करून घेऊ. आपल्या घरातील भगिनींना ही ओळख पुष्कळ आहे, फक्त तिची शास्त्रीय नावे त्यांना कुणी सांगितलेली नाहीत. कोळंबी सोलताना पाठीतला काळा दोरा आपण ओढून काढतो. तो दोरा म्हणजे तिचे आतडे. तलावावरचा जाणता माणूस चेक ट्रेमधली कोळंबी उजेडाकडे धरतो आणि तो दोरा भरलेला आहे की तुटक-तुटक आहे, हे पाहतो. दोरा भरलेला असेल तर जनावर खात आहे; रिकामा किंवा पांढुरका असेल तर काहीतरी बिनसले आहे. डोक्यात जो मऊ तपकिरी गोळा असतो, ते तिचे यकृत आणि स्वादुपिंड एकत्र. अन्न पचवणे, चरबी साठवणे, विषारी द्रव्ये निपटणे ही सगळी कामे तो एकटा करतो. तो आक्रसला किंवा फिका पडला की समजावे, दुखणे मोठे आहे.

दुसरी गोष्ट. बाजारातून आणलेली कोळंबी बर्फाविना तशीच ठेवली तर डोक्याजवळ काळी पडते. आपण म्हणतो, ‘शिळी झाली.’ पण हा काळेपणा ज्या रासायनिक क्रियेने येतो, तीच क्रिया जिवंत कोळंबीचे संरक्षण करीत असते. कोळंबीला जखम झाली किंवा अंगात जंतू शिरला, की तिच्या रक्तातील पेशी एक विशिष्ट विकर मोकळे करतात, त्या जागी काळे द्रव्य तयार होते आणि जंतू त्यात कोंडला जातो. जिवंतपणी ढाल, मेल्यावर डाग.

आणि इथेच आपल्या विषयाची किल्ली आहे. माणसाला गोवर एकदा झाला की पुन्हा सहसा होत नाही, कारण आपले शरीर त्या जंतूला ओळखून ठेवते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. लसीकरण याच तत्त्वावर चालते. कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतच नाहीत. तिची संरक्षणव्यवस्था जन्मजात आणि सरसकट आहे. कोणताही जंतू आला तरी तीच ढाल. त्यामुळे मुलांना देतो तशी लस कोळंबीला देता येत नाही. लस नाही म्हटल्यावर शास्त्रज्ञांचे आणि व्यापाऱ्यांचेही लक्ष खाद्याकडे वळले. खाद्यातून काही देऊन ही जन्मजात ढाल बळकट करता येईल का, असा हा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

जे निर्विवाद आहे ते आधी सांगतो. काही पदार्थ कोळंबीचे शरीर स्वतः बनवू शकत नाही. ते खाद्यातूनच मिळावे लागतात. त्यांत पहिला मान ‘क’ जीवनसत्त्वाचा. पूर्वी खलाशांना महिनोन्‌महिने ताजी फळे न मिळाल्यामुळे स्कर्व्ही होई, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. कोळंबीचेही तसेच काहीसे होते. 1970 च्या दशकात संशोधकांना असे आढळले की ‘क’ जीवनसत्त्व नसलेल्या खाद्यावर वाढवलेल्या कोळंबीच्या कवचाखाली काळे डाग पडतात, जखमा भरत नाहीत आणि ती मरते. या रोगाला त्यांनी ‘काळा मृत्यू’ असे भयंकर नाव दिले. खाद्यात जीवनसत्त्व घातले की रोग टळतो. अडचण एवढीच की साधे ‘क’ जीवनसत्त्व गोळी-खाद्य बनवतानाच्या उष्णतेने नष्ट होते, साठवणीत कमी होते आणि उरलेले पाण्यात विरघळून जाते. कोळंबी काही माशासारखी दाणा गटकन गिळत नाही. ती दाणा पायांत धरून, कुरतडत, निवांत खाते. तोवर अर्धे सत्त्व पाण्याला मिळालेले असते! म्हणून चांगल्या खाद्यात फॉस्फेटशी जोडलेले टिकाऊ ‘क’ जीवनसत्त्व वापरतात.

कोलेस्टेरॉलचे नाव काढले की आपल्याकडचे वयस्क लोक दचकतात. कोळंबीला मात्र ते अत्यावश्यक आहे आणि ते तिला स्वतः तयार करता येत नाही. कात टाकण्याचे संप्रेरक त्यापासूनच बनते. कात टाकल्याशिवाय कोळंबी वाढत नाही, म्हणजे खाद्यात हा घटक कमी पडला तर वाढच खुंटली. ही चरबी अंगात नीट खेळती राहण्यासाठी सोयाबीनपासून मिळणारे लेसिथिन उपयोगी पडते. कोळंबी शिजवल्यावर लाल होते तो रंगही अन्नातूनच येतो. अस्टाझँथिन नावाचे हे रंगद्रव्य जिवंतपणी एका प्रथिनाला चिकटून निळसर-करडे दिसते. उष्णतेने प्रथिन मोडले की लाल रंग उघडा पडतो. समुद्रात ते शेवाळावाटे आणि बारीक जिवांवाटे मिळते; तलावात दाट संख्येने कोळंबी सोडली की खाद्यातून द्यावे लागते. रंगाबरोबरच ताण सोसण्याची शक्तीही त्याने वाढते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

परंतु पालकहो, ध्यानात घ्या, हे सर्व घटक चांगल्या प्रतीच्या तयार खाद्यात मुळातच घातलेले असतात. वन्नामी कोळंबीच्या खाद्यात सुमारे 35 टक्के प्रथिने असतात, त्याखेरीज जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचे मिश्रण असते. खाद्याचा खर्च एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक असतो तो उगीच नव्हे. त्याच जीवनसत्त्वाची आणखी एक बाटली वरून ओतणे म्हणजे भरल्या हंड्यात पाणी ओतणे. खाद्य जुने असेल, ओलसर खोपटात पडून बुरसले असेल, तर मात्र वरच्या बाटलीने ते सुधारत नाही. ते फेकूनच द्यावे लागते. पैसे देऊन घेतलेले खाद्य फेकणे जिवावर येते, हे मी जाणतो.

खनिजांची गोष्ट थोडी निराळी, आणि आपल्या कोकणाला लागू पडणारी आहे. कवच घडवायला लागणारे कॅल्शियम कोळंबी बहुतांशी पाण्यातूनच शोषून घेते. फॉस्फरस मात्र पाण्यात फार थोडा असतो, तो खाद्यातून यावा लागतो. म्हणजे ‘कवच मऊ पडले’ या एकाच तक्रारीमागे दोन वेगळी कारणे असू शकतात, आणि दोहोंचा उपाय वेगळा. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. खाडीचे पाणी गोडे होते, उघाडीतून आत घेतलेल्या पाण्याची क्षारता आणि आम्लारिधर्म दोन्ही उतरतात, आणि कात टाकलेल्या कोळंबीचे कवच दिवसेंदिवस मऊच राहते. मऊ कोळंबीला तिच्याच बहिणी खातात. अशा वेळी पाण्यात खनिजे घालण्याला अर्थ आहे. हरियाणा आणि पंजाबमध्ये समुद्रापासून शेकडो मैल दूर, जमिनीतील खाऱ्या पाण्यावर वन्नामी वाढवतात. त्या पाण्यात क्षार असतो पण पोटॅशियम अपुरे असते. ते वरून घातल्याशिवाय कोळंबी जगत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि पोटॅशियम यांचे प्रमाण साधारण 28 ला 1 असते, आणि मॅग्नेशियम कॅल्शियमच्या सुमारे तिप्पट. पाण्याची तपासणी करून हे प्रमाण जुळवणे हे शास्त्र झाले. न तपासता पोते रिकामे करणे, याला काय म्हणावे ते आपणच ठरवा.

आता त्या बाटल्यांकडे येऊ, ज्यांच्यावर ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवते’ असे ठळक छापलेले असते. त्यांतील सर्वांत अभ्यासलेला पदार्थ म्हणजे बीटा-ग्लुकन. पाव फुगवायला वापरतात त्या यीस्टच्या पेशींच्या आवरणातून तो काढतात. कोळंबीच्या रक्तात बुरशीचे आवरण ओळखणारी प्रथिने असतात. ग्लुकन दिसताच त्यांना वाटते, शत्रू आला. आणि मघाशी सांगितलेली ढाल उभी राहते. लढाई नसताना कवायत करून घेण्यासारखे हे आहे. प्रयोगशाळेत याचा परिणाम चांगला दिसला आहे. ग्लुकन दिलेल्या कोळंबीला जंतू टोचले तर न दिलेल्यांपेक्षा त्या जास्त जगतात. पण हा परिणाम दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, कारण कोळंबीला आठवण नसते. आणि रोज देत राहिले तर? सततच्या कवायतीने शिपाई थकतात. सतत दिल्याने काही काळानंतर रक्तपेशी उलट कमी झाल्याचेही आढळले आहे. म्हणून हे पदार्थ थोडे दिवस देऊन मध्ये खंड घ्यावा, असे जाणकार सांगतात. ‘चांगले आहे ना, मग रोज दुप्पट घाला’ हा आपला हिशेब इथे चालत नाही.

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने दिल्यास उपयोगी पडणारे जिवंत जंतू. आपल्या घरी दही लावतात, तेव्हा विरजण हे काही प्रमाणात याच जातीचे. कोळंबीसाठी बहुधा बॅसिलस जातीचे जंतू वापरतात. त्याचे कारण गमतीचे आहे. बॅसिलस संकटकाळी कठीण कवचाच्या बीजाणूत झोपून राहतो. त्यामुळे वाळवणे, साठवणे, थोडी उष्णता हे सर्व तो सोसतो. आतड्यात किंवा तलावाच्या तळाशी जागा झाला की तो अन्न पचवणारी विकरे सोडतो आणि व्हिब्रिओ जातीच्या रोगजंतूंची जागा व खुराक बळकावतो. आग्नेय आशियातील तलावांवर याचा फायदा दिसलेला आहे, आणि पूरकांमध्ये मला स्वतःला सर्वांत पटलेला प्रकार हाच. मात्र पुडीवर एका ग्रॅममध्ये किती जिवंत जंतू आहेत, कोणत्या जातीचे, बनवल्याची आणि संपण्याची तारीख कोणती, हे लिहिलेले पाहिजे. पत्र्याच्या खोपटात एप्रिल-मेच्या उन्हात ठेवलेली पुडी कितीही नामांकित असो, तिच्यात जिवंत काय उरले असेल याचा विचार करा. आणखी एक प्रकार पाहण्यात येतो. आज पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतात आणि उद्या महागडे प्रोबायोटिक ओततात. पाहुण्याला जेवायला बोलवून दाराला आतून कडी घालण्यासारखेच ते!

गूळ आणि तांदळाचा कोंडा आंबवून तलावात घालण्याची पद्धतही आता पुष्कळ ठिकाणी आहे. तिला हसू नये. खाद्याच्या प्रथिनांतून पाण्यात अमोनिया साठतो. गुळातील साखर मिळाली की पाण्यातील काही जंतू वाढताना तो अमोनिया वापरून टाकतात, आणि त्या जंतूंचे गुठळे कोळंबी खाते. बायोफ्लॉक या नावाने जी पद्धत पुढे आली, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. पण हे जंतूही श्वास घेतात. एरेटर पुरेसे नसतील तर पहाटे पाण्यातला प्राणवायू संपून सगळा माल तरंगताना दिसेल.

लसूण, हळद, कडुनिंब यांच्या अर्कांवरही बरेच प्रयोग झाले आहेत. त्यांतील काहींत व्हिब्रिओला अटकाव झालेला दिसतो. अर्काचे प्रमाण जागोजाग वेगळे, म्हणून परिणामही वेगळे. यापेक्षा अधिक त्याबद्दल सांगत नाही.

आता कडू भाग. ज्या रोगांनी आपले तलाव बसवले, त्यांना या बाटल्या पुरत नाहीत. भारतात 1994-95 च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि टायगर कोळंबीचा धंदा पार हादरला. तो विषाणूचा रोग. एकदा तलावात शिरला की तीन ते दहा दिवसांत बहुतेक माल संपतो. पुढे 2009 मध्ये वन्नामी जातीला आपल्या देशात परवानगी मिळाली. तिची मादी-नर जोडी ठरावीक रोगांपासून मुक्त अशी परदेशातून आणतात आणि चेन्नईजवळ विलग ठेवून तपासतात. इथे शब्दांचा एक घोटाळा होतो, आणि भाषेचा शिक्षक म्हणून तो मला सांगितलाच पाहिजे. ‘रोगमुक्त’ म्हणजे ‘रोगप्रतिकारक’ नव्हे. रोगमुक्त बीज म्हणजे जन्मतः रोग नसलेले बीज. तलावात विषाणू असेल तर त्यालाही रोग होतोच.

2009 पासून चीन, व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड या देशांत बीज सोडल्यावर महिन्याभरातच कोळंबी मरू लागली. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या डोनाल्ड लाइटनर यांच्या पथकाने 2013 मध्ये कारण शोधले. व्हिब्रिओचीच एक जात, पण तिला एक विष तयार करण्याची विद्या मिळालेली, आणि ते विष नेमके यकृताच्या गोळ्यावर आघात करणारे. थायलंडचे उत्पादन दोन-तीन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. तिसरा रोग ‘ईएचपी’ या नावाने आपले लोक ओळखतात. हा एक अतिसूक्ष्म परजीवी. तो कोळंबीला पटकन मारत नाही, नुसती वाढ खुंटवतो. तीन महिने खाद्य घालावे आणि पाग टाकल्यावर काही नग अंगठ्याएवढे, काही काडीएवढे निघावेत. त्यावर खात्रीचे औषध नाही. ‘ईएचपीवर हमखास’ असे कुणी सांगत आला तर त्याला चहा जरूर द्यावा, पैसे देऊ नयेत. या रोगांना आळा घालण्याचे मार्ग कंटाळवाणे आहेत. बीज घेण्यापूर्वी पीसीआर तपासणी, हंगामानंतर तळ चांगला वाळवणे, चुना, पाणी गाळून घेणे, खेकडे आणि पक्षी यांना अटकाव, आणि नियमाने घालून दिलेल्या दर चौरस मीटरला 60 बिजांच्या मर्यादेच्या आतच राहणे. या कामांना आकर्षक बाटली नाही, म्हणून ती मागे पडतात.

आणि घातक काय? ती बाटली, जिच्यावर ‘टॉनिक’ लिहिले आहे आणि आत प्रतिजैविक आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही औषधे कोळंबीसाठी वापरण्यास बंदी आहे. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे माणसाच्या अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती बंद पडल्याची उदाहरणे आहेत. क्वचित घडणारी, पण जिवावर बेतणारी. 2001-02 मध्ये आशियातील कोळंबीत ते सापडले तेव्हा युरोपमध्ये गहजब झाला. 2016 मध्ये युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या शेतीतल्या कोळंबीची तपासणी 10 टक्क्यांवरून 50 टक्के खेपांवर नेली. 2022 च्या नोव्हेंबरपासून तेथे क्लोरॅम्फेनिकॉलची मर्यादा किलोमागे 0.15 मायक्रोग्रॅम अशी आणखी खाली आली. नववीच्या मुलांनी गणित करून पाहावे : 1000 टन कोळंबीत मिळून 0.15 ग्रॅम. चिमूटभर मीठ त्याहून जास्त भरेल. म्हणजे एका तलावात एकदा घातलेली बाटली संपूर्ण खेप परत आणू शकते, आणि ती खेप एकट्या तुमच्या तलावाची नसते. त्यात शेजाऱ्याचाही माल असतो. 2005 च्या कायद्याने स्थापन झालेले तटवर्ती जलकृषी प्राधिकरण अशा पदार्थांना ते प्रतिजैविकमुक्त असल्याचे प्रमाणपत्र देते. तो क्रमांक बाटलीवर आहे का, एवढे पाहणे दहावी झालेल्या मुलालाही जमण्यासारखे आहे. घरात मुलगा-मुलगी इंग्रजी वाचणारी असताना बापाने न वाचता बाटली ओतावी, हे मला पटत नाही. लेबल वाचण्याचे काम आजपासून मुलांकडे द्या.

आता पैशाचा हिशेब. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, आपापले घालून पाहा. समजा, एका तलावातून 4000 किलो माल निघाला आणि एक किलो कोळंबीला 1.4 किलो खाद्य लागले. म्हणजे खाद्य 5600 किलो. किलोमागे 5 ग्रॅम पूरक, म्हणजे 28 किलो पूरक. दर 500 रुपये किलो धरला तर 14,000 रुपये. अशी तीन पूरके, 42,000 रुपये. दर किलो कोळंबीवर साडेदहा रुपये चढले. बाजारभाव पडलेल्या वर्षी साडेदहा रुपये म्हणजे नफा आणि तोटा यांतले अंतर असू शकते. हे पैसे वाया गेलेच असे मी म्हणत नाही. त्यांनी चार हजारांऐवजी साडेचार हजार किलो माल दिला असेल तर ते वसूल झाले. पण दिला का, हे कुणी मोजले आहे?

विक्रेता सांगतो, ‘अमक्याने वापरले, त्याचा माल चांगला निघाला.’ त्याच साली त्याचे बीजही चांगले असेल, पाऊसही वेळेवर थांबला असेल. पूरक न घालता तलाव कसा निघाला असता, हे कळल्याशिवाय श्रेय कुणाचे ते ठरत नाही. प्रयोगशाळेतील निष्कर्षांनाही मर्यादा असते. तिथे स्वच्छ टाकी, मोजके नग, मोजके दिवस. तलावात चिखल, ऊन, पाऊस आणि लाखो तोंडे. म्हणून घरच्या घरी करता येण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. एकाच तलावात बारीक जाळीचे सहा पिंजरे रोवावेत. सहांतही सारख्या वजनाचे सारखे नग. तिघांना पूरक लावलेले खाद्य, तिघांना साधे. कोणत्या पिंजऱ्यात काय, हे चिठ्ठी टाकून ठरवावे. साध्या खाद्यालाही तेवढेच जेल किंवा अंड्याचा पांढरा बलक लावून सावलीत वाळवावे, म्हणजे फरक फक्त पूरकाचा राहील. महिन्याने मोजावे, तोलावे आणि वहीत लिहावे. तीनही पूरकवाले पिंजरे तीनही साध्यांपेक्षा स्पष्टपणे सरस निघाले तर पूरकात काही तथ्य आहे असे धरून पुढच्या हंगामात पुन्हा तपासावे. आकडे एकमेकांत मिसळलेले निघाले, तर ती बाटली बंद. पाण्यात ओतायच्या पदार्थांना मात्र हा प्रयोग चालत नाही, कारण पाणी सहाही पिंजऱ्यांत सारखेच फिरते. त्यासाठी दोन वेगळे तलाव लागतील.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम पुढे शिकण्यासारखे आहे. आपल्या रत्नागिरीजवळ शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी तेथे मिळते. मुंबईत वर्सोव्याला 1961 मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तेथे पुढचे शिक्षण आणि संशोधन होते. खाऱ्या-निमखाऱ्या पाण्यातील संवर्धनासाठी चेन्नईला 1987 पासून वेगळी केंद्रीय संस्था आहे. मुलींनाही या शिक्षणाची दारे उघडी आहेत, आणि प्रयोगशाळेतील कामात त्या मागे नाहीत. काहींना वाटेल, घरचा तलाव आहे, शिकायचे काय? ज्याच्या घरी तलाव आहे त्याला पाणी, बीज आणि रोग यांची भाषा आधीच अर्धी येत असते. उरलेली अर्धी कॉलेजात मिळते.

ज्या पालकांना पिंजऱ्यांचा प्रयोग करावयाचा असेल, त्यांच्यासाठी नोंदवहीचा एक नमुना आम्ही शाळेत तयार करून ठेवला आहे. त्यात तारीख, पाण्याची क्षारता, पहाटेचा प्राणवायू, खाद्य, पूरक, मेलेले नग आणि सरासरी वजन असे रकाने आहेत. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर येऊन त्याची प्रत न्यावी. कपाटातल्या बाटल्या आणल्या तर त्यांवरील मजकूरही विज्ञानाचे सर आणि आम्ही मिळून वाचून देऊ.